ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे चालणाऱ्या लायब्ररीत वारंवार येणारी ‘विंडो इज नॉट डिफाइन्ड’ ही चूक: निदान आणि दुरुस्ती

ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरवर अशी दोन्हीकडे चालणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी जो सांभाळतो, त्याच्याकडे एक तक्रार ठरावीक काळाने परत येत राहते. कोणी तरी कळवतो की सर्व्हरवर लायब्ररी घेताक्षणी ‘विंडो इज नॉट डिफाइन्ड’ असा संदेश येऊन प्रक्रिया बंद पडते, कारण विंडो ही ब्राउझरने पुरवलेली वस्तू आहे. ते दुरुस्त करून नवी आवृत्ती काढावी, तर पुढच्याच आठवड्यात दुसरा वापरकर्ता उलट्या बाजूने येतो आणि सांगतो की ब्राउझरमध्ये आता ‘बफर इज नॉट डिफाइन्ड’ असे दिसते आहे; बफर ही बाइट साठवणारी सर्व्हरकडची वस्तू. मी सांभाळत असलेली लायब्ररी लहान आहे. मजकुराचे बेस64 रूप करणे (म्हणजे त्याचे बाइट साध्या अक्षरांत लिहिणे), शा-256 पद्धतीने त्याचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा, काढणे आणि तो जोडून फेच या फंक्शनने इंटरनेटवर विनंती पाठवणे एवढेच तिचे काम. तरीही या एकाच जातीच्या चुकीपायी तिच्या पाच आवृत्त्या खर्ची पडल्या.

पहिल्या चार वेळा मी लक्षणावरच औषध लावले, म्हणजे जिथे चूक दिसली त्या ओळीभोवती ‘टाइपऑफ विंडो’ तपासणारी एक अट घातली आणि काम संपले असे मानले. चूक नेमकी केव्हा घडते याकडे मी पाहिलेच नव्हते. लायब्ररी वापरली जाताना तीन वेगळे क्षण येतात: पॅकेजमधल्या अनेक फायलींपैकी कोणती उचलायची हे ठरते, मग ती फाइल वाचली जाऊन तिच्यातला सर्वांत वरच्या पातळीवरचा कोड चालतो, आणि त्यानंतर कधी तरी वापरकर्ता एखादे फंक्शन बोलावतो. संदेश तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच दिसू शकतो, मात्र उपाय पूर्णपणे वेगळा असतो.

कोणत्या क्षणाची चूक आहे हे कसे ओळखावे

एका रिकाम्या फोल्डरमध्ये लायब्ररी बसवावी आणि केवळ तिला इम्पोर्ट करणारी, दुसरे काहीही न करणारी एका ओळीची फाइल नोडने, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाने, चालवावी. तेवढ्यानेच ती कोसळली तर चूक पहिल्या किंवा दुसऱ्या क्षणाची आहे. त्यातही संदेशात मॉड्यूल सापडत नाही, हा मार्ग पॅकेजने एक्सपोर्ट केलेला नाही, किंवा ‘अनएक्स्पेक्टेड टोकन एक्सपोर्ट’ अशा अर्थाचे काही असेल तर चुकीची फाइल उचलली गेली आहे असे समजावे. आणि अमुक नाव डिफाइन्ड नाही असा ‘रेफरन्स एरर’ असेल, तर फाइल कोणतीही असो, ती वाचतानाच तिच्यातला कोड नसलेल्या वस्तूला हात लावतो आहे. ती ओळ शांतपणे पार पडली आणि फंक्शन बोलावल्यावरच गडबड झाली, तर तो तिसरा क्षण होय. तक्रार आल्यावर या एका ओळीचा निकाल मी आता सर्वांत आधी मागतो, कारण त्याशिवाय कोड वाचायला घेणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे.

फाइल वाचतानाची चूक

माझ्या लायब्ररीत एका फायलीच्या माथ्यावर विंडोमधले लोकलस्टोरेज (ब्राउझरमधला माहितीचा साठा) एका स्थिर नावात साठवणारी ओळ होती. तक्रारदार शपथेवर सांगत होता की तो लायब्ररी फक्त ब्राउझरमध्येच वापरतो, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेच होते. नेक्स्ट जेएससारख्या चौकटीत ज्या घटकांवर ‘यूज क्लायंट’ असे लिहिलेले असते, तेही पानाचे पहिले एचटीएमएल तयार करण्यासाठी एकदा सर्व्हरवर चालवले जातात. त्यामुळे त्या घटकाने इम्पोर्ट केलेली प्रत्येक फाइल सर्व्हरवरही वाचली जाते. इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलमधले एकही फंक्शन वापरले नाही, तरी त्याचा वरच्या पातळीवरचा कोड चालतोच.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो नियम म्हणून पाळावा: मॉड्यूलच्या माथ्यावर परिसरातल्या कोणत्याही वस्तूला स्पर्श करायचा नाही. जे लागेल ते फंक्शनच्या आत, प्रत्यक्ष गरज पडेल त्या वेळी मागायचे आणि हवे तर मिळालेले उत्तर पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचे.

आता ‘टाइपऑफ विंडो’च्या अटीविषयी. ही अट ‘मी कुठे आहे’ असे विचारते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत आले आहे. वेब वर्कर, म्हणजे पानामागे वेगळा चालणारा कोड, ब्राउझरमध्येच असतो, पण त्यात विंडो नसते. नोडसारख्याच डेनो या साधनाच्या पहिल्या मालिकेत विंडो नावाची वस्तू सर्व्हरवरही होती; ती ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या डेनो 2 मध्ये काढून टाकण्यात आली. जेस्ट हे चाचण्यांचे साधन जेएसडॉम या ब्राउझरच्या नकलेसह चालवले की विंडो दिसते, जरी खाली नोडच असतो. काही जण विंडोऐवजी नॅव्हिगेटर ही ब्राउझरची माहिती देणारी वस्तू तपासू लागले, तर 2023 मध्ये आलेल्या नोड 21 ने नॅव्हिगेटरही पुरवायला सुरुवात केली. लोकलस्टोरेज ही ब्राउझरची खात्रीशीर खूण म्हणावी, तर नोड 25 मध्ये तेही आपोआप उपलब्ध झाले. जुने बंडलर (अनेक फायली एकत्र बांधणारी साधने) ब्राउझरमध्ये नोडच्या प्रोसेस या वस्तूची नक्कल घालतात, म्हणून ‘प्रोसेस आहे म्हणजे नोड आहे’ हाही तर्क टिकत नाही.

तेव्हा गावाचे नाव न विचारता, लागणारे हत्यार हाताशी आहे का एवढेच विचारावे. हॅश काढायचा असेल तर ‘ग्लोबलधिस’ या सर्वत्र मिळणाऱ्या जागतिक वस्तूवर क्रिप्टो आहे का, त्यात सटल आहे का आणि त्यात डायजेस्ट हे फंक्शन आहे का हे पाहावे, असेल तर वापरावे, नसेल तर काय हवे होते हे स्पष्ट सांगणारी स्वतःची चूक फेकावी. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. कुकी पूर्णपणे बंद केलेल्या ब्राउझरमध्ये किंवा सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममध्ये लोकलस्टोरेजचे नुसते नाव घेतले तरी ‘सिक्युरिटी एरर’ येऊ शकतो, आणि ‘टाइपऑफ’ही तिथे संरक्षण देत नाही, कारण ते तपासतानाच तो गुणधर्म वाचला जातो. तिथे ट्राय-कॅचला पर्याय नाही.

चुकीची फाइल उचलली जाणे

पॅकेजची माहिती देणाऱ्या पॅकेज डॉट जेसन या फायलीतल्या ‘एक्सपोर्ट्स’ या नोंदीत ब्राउझर, नोड, इम्पोर्ट, रिक्वायर, डीफॉल्ट अशा अटी लिहिता येतात आणि प्रत्येक अटीपुढे फाइल देता येते. या नोंदीत ओळींच्या क्रमाला अर्थ असतो, हे जेसनची सवय असलेल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. वरून खाली जाताना जी पहिली अट लागू पडते तीच घेतली जाते. माझ्या नोंदीत ‘इम्पोर्ट’ वर होते आणि ‘ब्राउझर’ त्याखाली. बंडलरला दोन्ही अटी लागू पडत असल्याने तो निमूटपणे नोडसाठीची फाइल उचलत असे, आणि ब्राउझरसाठी मेहनतीने लिहिलेली फाइल तीन महिने कोणीच वाचली नाही. परिसराच्या अटी वर, त्यांच्या पोटात इम्पोर्ट आणि रिक्वायर, टाइपस्क्रिप्टसाठीची ‘टाइप्स’ ही अट प्रत्येक गटात सर्वांत आधी आणि ‘डीफॉल्ट’ सर्वांत शेवटी असा क्रम असावा.

क्रम बरोबर असूनही दोन ठिकाणी फसगत होते. जेस्टच्या 28 व्या आवृत्तीपासून या अटी मानल्या जातात आणि जेएसडॉमचा परिसर निवडला असेल तर ‘ब्राउझर’ ही अट लागू केली जाते. परिणामी नोडमध्ये चालणाऱ्या चाचणीला ब्राउझरची फाइल मिळते, ती बहुधा ईएस मॉड्यूल (इम्पोर्ट-एक्सपोर्टच्या नव्या पद्धतीची फाइल) असते, आणि ‘अनएक्स्पेक्टेड टोकन एक्सपोर्ट’ ही चूक लायब्ररीच्या माथी येते. वापरकर्त्याने जेस्टच्या मांडणीत ‘कस्टम एक्सपोर्ट कंडिशन्स’ हा पर्याय बदलला की ती जाते. दुसरे ठिकाण क्लाउडफ्लेअर वर्कर्स या सर्व्हरवर कोड चालवणाऱ्या सेवेचे आहे. त्यांचे रँग्लर हे साधन ‘वर्कर्डी’ आणि ‘वर्कर’ या अटींबरोबर ‘ब्राउझर’ हीदेखील लागू करते, पण तिथे डॉक्युमेंटही नसते आणि विंडोही नसते. म्हणून ‘ब्राउझर’ या अटीखालच्या फायलीने डॉक्युमेंट गृहीत धरू नये.

हे सर्व अनुभवल्यावर मी मुख्य दारातली फाटाफूट काढूनच टाकली. संपूर्ण लायब्ररीची एकच फाइल सर्वांना मिळते, आणि जो तुकडा खरोखर वेगळा असावा लागतो तेवढाच पॅकेज डॉट जेसनमधल्या ‘इम्पोर्ट्स’ या अंतर्गत नोंदीतून, ‘#’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या नावाने, अटीप्रमाणे निवडला जातो. माझ्या बाबतीत असा तुकडा अवघ्या बावीस ओळींचा निघाला. आधी मी दोन पूर्ण लायब्रऱ्या सांभाळत होतो आणि त्या हळूहळू एकमेकींपासून दूर जात होत्या, हे तेव्हा उमगले.

एकाच लायब्ररीच्या दोन प्रती

ईएस मॉड्यूल आणि कॉमनजेएस (रिक्वायरची जुनी पद्धत) अशा दोन्ही रूपांत पॅकेज दिले, की आणखी एक विचित्र तक्रार येते. वापरकर्ता लायब्ररीचा स्वतःचा एरर वर्ग ‘इन्स्टन्सऑफ’ने ओळखू पाहतो आणि उत्तर सतत नकारार्थी येते, जरी छापून पाहिले तर नाव तंतोतंत तेच असते. कारण असे, की वापरकर्त्याचा कोड लायब्ररीला इम्पोर्ट करतो, तर मधले एखादे पॅकेज तिलाच रिक्वायर करते. नोडच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फायली असल्याने दोन्ही वाचल्या जातात, वर्ग दोन होतात, आणि मॉड्यूलमध्ये जपलेली स्थितीही दोन ठिकाणी विभागली जाते. याच कारणाने मांडणीचे फंक्शन एकदा बोलावूनही ‘मांडणी केलेली नाही’ असा संदेश येतो.

आजच्या घडीला माझे मत स्पष्ट आहे: नव्या लायब्ररीने फक्त ईएस मॉड्यूलच द्यावे. डिसेंबर 2024 मधल्या नोड 22.12 पासून रिक्वायरने ईएस मॉड्यूल घेणे कोणताही फ्लॅग न देता चालते, ही सोय नोड 20.19 मध्येही आणली गेली, आणि नोड 18 चा आधार एप्रिल 2025 मध्ये संपला. अट एकच, की मॉड्यूलच्या किंवा त्याने इम्पोर्ट केलेल्या कशाच्याही वरच्या पातळीवर ‘अवेट’ नसावे, अन्यथा रिक्वायर नकार देते. जुन्या वापरकर्त्यांमुळे ज्यांना दोन्ही रूपे द्यावीच लागतात, त्यांनी एररवर ठरावीक ‘कोड’ हा गुणधर्म ठेवावा आणि तो तपासायला दस्तऐवजात सांगावे. वर्गावर विसंबू नये.

फंक्शन चालतानाच्या चुका

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, कारण या चुका काही यंत्रांवर येतात आणि काहींवर येत नाहीत.

हॅशचेच पाहू. पूर्वी मी नोडच्या क्रिप्टो मॉड्यूलमधले ‘क्रिएटहॅश’ वापरत होतो आणि वेबपॅक 4 ब्राउझरसाठी त्याची नक्कल गुपचूप घालत असल्याने कोणाची तक्रार नव्हती. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या वेबपॅक 5 ने अशा नकला आपोआप घालणे बंद केले आणि एका रात्रीत बिल्ड मोडू लागल्या. वापरकर्त्यांना अशी नक्कल, म्हणजे पॉलिफिल, स्वतः बसवायला सांगणे हा तेव्हा रूढ झालेला मार्ग मला पटत नाही; तो आपला भार दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे आहे. मी वेब क्रिप्टोचे ‘सटल.डायजेस्ट’ स्वीकारले, मात्र ते लगेच उत्तर न देता प्रॉमिस (उत्तर नंतर देण्याचे वचन) परत करते, त्यामुळे सिंक्रोनस असलेले फंक्शन असिंक्रोनस झाले आणि मुख्य आवृत्तीचा आकडा वाढवावा लागला.

त्यानंतर आलेली तक्रार अशी होती, की लॅपटॉपवर सर्व ठीक चालते, पण त्याच वायफायवरच्या फोनमधून पान उघडले की ‘अनडिफाइन्डमधून डायजेस्ट वाचता येत नाही’ असा संदेश येतो. ब्राउझर सटल फक्त सुरक्षित संदर्भात देतो. एचटीटीपीएस आणि लोकलहोस्ट हे सुरक्षित धरले जातात, पण 192.168 ने सुरू होणारा साध्या एचटीटीपीचा पत्ता धरला जात नाही. ‘रँडम यूयूआयडी’चीही तीच गत आहे, तर ‘गेट रँडम व्हॅल्यूज’ असुरक्षित पानावरही मिळते, फक्त एका वेळी 65536 बाइटपेक्षा जास्त मागता येत नाहीत. नोड 18 मध्ये जागतिक क्रिप्टो फ्लॅगशिवाय मिळत नव्हते, नोड 20 मध्ये ते मिळते. ज्यांना असुरक्षित पानावर किंवा सिंक्रोनस रीतीनेच हॅश हवा आहे, त्यांनी नोबल-हॅशेससारखी निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली लायब्ररी घ्यावी. मी तो मार्ग वेगळ्या प्रवेशातून दिला आहे.

बेस64 ची चूक मात्र आपल्या भाषेत लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी सापडते आणि इंग्रजीतच चाचण्या लिहिणाऱ्याला वर्षभर सापडत नाही. नोडमध्ये ‘मराठी’ हा शब्द बफरमधून बेस64 केला तर काहीच अडचण येत नाही. ब्राउझरच्या ‘बीटूए’ या बेस64 करणाऱ्या फंक्शनला तोच शब्द दिला तर ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर एरर’ येतो, कारण त्याला प्रत्येक अक्षर एका बाइटात मावणारे हवे असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेते. मजकूर आधी टेक्स्टएन्कोडरने बाइटांत बदलावा आणि मग बाइटांचे बेस64 करावे. ‘मराठी’ची पाच चिन्हे पंधरा बाइट होतात आणि त्यांची बरोबर वीस अक्षरे व्हायला हवीत, ही चाचणी मी दोन्हीकडे कायमची ठेवली आहे. उलट दिशेने जाताना टेक्स्टडीकोडर विसरला तर चूक येत नाही, केवळ अनोळखी युरोपीय अक्षरांची रांग दिसते. शिवाय नोडचा बफर यूआरएलसाठीचे बेस64 निमूटपणे स्वीकारतो, तर बेस64 उलगडणारा ‘बीटूए’चा जोडीदार ‘एटूबी’ त्यातला अंडरस्कोर पाहताच चूक फेकतो.

मूक चुकांमध्ये मला सर्वांत महाग पडली ती बफरच्या साठ्याची. नोडमधला बफर हा युइंट8अॅरे या बाइटांच्या यादीचाच उपवर्ग असल्यामुळे ‘इन्स्टन्सऑफ’च्या तपासणीत तो सहज पार होतो. पण लहान बफर एका सामायिक साठ्यातून कापून दिले जातात, जो नोड 20 आणि 22 मध्ये 8192 बाइटांचा असतो, आणि अशा बफरचा ‘डॉट बफर’ हा गुणधर्म संपूर्ण साठा हाती देतो. मी त्यावरून नवा युइंट8अॅरे बनवून हॅश काढत होतो, त्यामुळे सर्व्हरवर त्याच मजकुराचा हॅश दर वेळी वेगळा येई आणि ब्राउझरमध्ये नेहमी बरोबर येई. डायजेस्टला मूळ अॅरेच द्यावा, किंवा नवा बनवताना बाइटऑफसेट आणि बाइटलेंग्थ हे दोन्ही द्यावेत. ‘स्लाइस’सुद्धा असाच दुटप्पी आहे: युइंट8अॅरेवर तो प्रत करतो, बफरवर तीच स्मृती वाटून घेतो. वाटून घ्यायचीच असेल तर ‘सबअॅरे’ दोन्हीकडे सारखा वागतो.

फेचच्या बाबतीत दोन गोष्टी पुरे आहेत. नोडमध्ये सापेक्ष पत्ता चालत नाही, कारण तिथे पान नसल्याने तो कशाच्या सापेक्ष आहे हे ठरवता येत नाही. मूळ पत्ता पर्यायांतून मागून घ्यावा. आणि फेच एखाद्या वस्तूच्या गुणधर्मात ठेवून त्या वस्तूवरून बोलावले, तर नोड काही म्हणत नाही, पण क्रोम ‘इलिगल इन्व्होकेशन’ म्हणतो. ते ठेवताना ‘ग्लोबलधिस’ला बांधून ठेवावे किंवा एका बाणफंक्शनात गुंडाळावे. टायमरवर ‘अनरेफ’ बोलावणाऱ्यांनीही आधी ते आहे का हे पाहावे, कारण ब्राउझरमध्ये सेटटाइमआउट नुसता एक आकडा परत करतो.

माझ्या चाचण्यांना हे का दिसले नाही

कारण त्या मूळ कोडच्या फोल्डरमधून थेट फायली घेत होत्या. ‘एक्सपोर्ट्स’ची नोंद त्यांच्या वाटेतच नव्हती. आता प्रत्येक आवृत्तीपूर्वी ‘एनपीएम पॅक’ या आज्ञेने पॅकेजचे गाठोडे बांधले जाते आणि ते रिकाम्या फोल्डरांत बसवून तपासले जाते: नोडमध्ये इम्पोर्टने, नोडमध्ये रिक्वायरने, व्हीट या बंडलरच्या बिल्डमधून प्लेराइट या साधनाने चालवलेल्या खऱ्या ब्राउझरमध्ये, आणि त्याच ब्राउझरमधल्या वेब वर्करमध्ये. ‘पबलिंट’ आणि ‘आर द टाइप्स राँग’ ही दोन साधने नोंदीचा क्रम आणि टाइपच्या फायली तपासतात. माझी उलटी पडलेली ‘इम्पोर्ट’ आणि ‘ब्राउझर’ची जोडी मात्र गाठोड्याच्या ब्राउझरमधल्या तपासणीत सापडली असती.

टाइपस्क्रिप्ट वापरणाऱ्यांना याहून आधीच पहारा बसवता येतो. गाभ्याच्या कोडसाठी वेगळी मांडणी ठेवावी, तिच्या ‘लिब’मधून डॉम, म्हणजे ब्राउझरमधली नावे, वगळावे आणि ‘टाइप्स’ची यादी रिकामी ठेवावी, म्हणजे विंडो आणि बफर ही दोन्ही नावे लिहिताक्षणी लाल रेघेखाली येतात. टेक्स्टएन्कोडर आणि फेचही त्यामुळे अनोळखी होतात, म्हणून जे खरोखर दोन्हीकडे आहे तेवढेच हाताने घोषित केलेली एक छोटी फाइल ठेवावी लागते. माझी फाइल एकोणीस ओळींची आहे, आणि तिच्यात विसावी ओळ घालण्यापूर्वी मी ती वस्तू वर सांगितलेल्या चारही फोल्डरांत चालवून पाहतो.